पंप पाणी ओढत नाही

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



काव्य आणि नाट्य यांच्या दोन मेजवान्यांनंतर आपल्या पानात पंप वाढण्याचे धाडस कार्यवाहांनी केले आहे. परंतु धनबादेत राहणाऱ्यांना हा विषय परका नाही. आपल्या आसपासच्या खाणींतून रात्रंदिवस पाणी उपसले जाते, म्हणूनच तेथे माणूस उतरू शकतो. इंग्लंडात १७१२ साली न्यूकोमेनने वाफेचे इंजिन चालविले तेदेखील कोळशाच्या खाणीतील पाणी काढण्यासाठीच. आणि किर्लोस्करवाडीस १९२६ साली पंप तयार होऊ लागले, त्याचा अभिमान तर आपण माहेरच्या कौतुकासारखा येथवर बरोबर आणलेला आहे.

गावाकडची मोट वडीलधाऱ्यांना आठवत असेल. बैल धावेवरून उतरत, नाडा ताणला जाई आणि भरलेली मोट वर येऊन थारोळ्यात रिकामी होई. तेथे पाणी खरोखरच ओढले जात असे. पंप पाणी ओढत नाही. तो आपल्या तोंडाशी हवेचा दाब कमी करतो, एवढेच. पाण्याला नळीतून वर ढकलते ती बाहेरची, पाण्याच्या पृष्ठभागावर दाब देणारी हवा. आणि समुद्रसपाटीवर तिची ताकद सुमारे १०.३ मीटरांवर संपते. गॅलिलिओने १६३८ च्या आपल्या ग्रंथात या मर्यादेची नोंद केली, तिचे खरे कारण त्याचा शिष्य टॉरिचेली याने उलगडले. व्यवहारात सहा-सात मीटर मिळाले तरी पुष्कळ. एकदा तोंडाशी आलेले पाणी मात्र एकापुढे एक चाके बसवून शेकडो मीटर उंच फेकता येते. म्हणजे पंपाची अडचण वर नसते, खाली असते.

हे मी पुस्तकात शिकलो होतो, तरीही चुकलो. नोकरीच्या आरंभीची गोष्ट. पावसाळ्यात मोटर बुडू नये म्हणून मी खाणीच्या तळातील पंप अडीच मीटर उंच ओट्यावर चढविला. त्या पावसाळ्यात पाणी वर होते, पंप उत्तम चालला, माझी पाठही थोपटली गेली. हिवाळ्यात पाण्याची पातळी खाली गेली आणि पंपातून खडे खुळखुळल्यासारखा आवाज येऊ लागला. आमचा वृद्ध पंप खलासी लोखंडी सळईचे एक टोक पंपाला व दुसरे कानाला लावून म्हणाला, "साहब, पंप हाँफ रहा है।" मी दोनदा जाळी साफ करवून घेतली आणि विषय मिटविला.

खडे नव्हतेच. दाब फार उतरला की गार पाणीही उकळू लागते. त्यातून निघणारे वाफेचे बुडबुडे पुढे दाब वाढताच फुटतात, आणि प्रत्येक फुटणारा बुडबुडा धातूवर घाव घालतो. पुढच्या जुलैत पाणी वाढले तेव्हा पंपाने निम्मेही काम केले नाही. उघडून पाहतो तो कांशाचे चाक मधाच्या पोळ्यासारखे झालेले. पाळीवरील सर्वांना वर काढले. खालच्या गॅलऱ्या अकरा दिवस पाण्यात होत्या. कोणी दगावले नाही, यात माझे कर्तृत्व काही नव्हते. खलाशाने मला एका शब्दानेही टोचले नाही, हे मात्र अजून टोचते.

येथे कोणाच्याही मनात चासनाला येईल. २७ डिसेंबर १९७५ रोजी शेजारच्या जुन्या कामांतले साठलेले पाणी फुटून आत आले व साडेतीनशेहून अधिक माणसे गेली. तसे पाणी कोणत्याच पंपाच्या आवाक्यातले नसते. पंप रोजच्या झिरपण्यासाठी. फुटणाऱ्या पाण्यासाठी पुढे भोके पाडून चाचपणी करणे आणि मध्ये कोळशाची जाड भिंत राखणे, एवढेच उपाय.

हाच नियम इतर कारखान्यांत निराळ्या वेषात भेटतो. वीजकेंद्रातील बाष्पित्राला पाणी देणारे पंप पाहा. पाणी इतके तापलेले की जरा दाब उतरला तर वाफ व्हायची. म्हणून त्याची टाकी पंपाच्या कितीतरी मजले वर बसवितात. साखर कारखान्यातील मळी तर फिरत्या पंख्याला दादच देत नाही. तिला संथ फिरणारे दातेरी पंप लागतात. दुधाच्या पंपाला रोज उघडून धुता आले पाहिजे. पोलादाच्या झोतभट्टीवर थंड पाण्याचा पंप एक क्षणही थांबून चालत नाही, म्हणून शेजारी दुसरा सज्ज ठेवावा लागतो. तेव्हा दुकानात जाऊन प्रथम अश्वशक्ती विचारू नये. द्रव कोणता, किती गरम, आणि पंपापासून किती खाली, हे आधी सांगावे.

आता घरची गोष्ट. उन्हाळ्यात सभागृहाच्या टाकीत पाणी चढत नाही, म्हणून दुप्पट अश्वशक्तीचा पंप घेण्याचा ठराव आपण गेल्या बैठकीत एकमताने संमत केला. मीही हात वर केला होता. काल दोरी सोडून पाहिली. विहिरीचे पाणी नऊ मीटरांवर गेले आहे आणि पंप वर काठावर आहे. दुप्पट काय, दसपट शक्तीनेही ते चढणार नाही. जुनाच पंप विहिरीतील टप्प्यावर चार मीटर खाली उतरवावा, अथवा हल्ली खाणींतही वापरतात तसा पाण्यात बुडून चालणारा पंप घ्यावा. दोन्हींची अंदाजपत्रके मी खजिनदारांकडे दिली आहेत.