खडकाच्या पोटातील वायूची वाट



ज्या गुरुजींच्या स्मृतीस ही व्याख्यानमाला वाहिलेली आहे, त्यांनी आमच्या पिढीस पदार्थविज्ञान शिकविले. फळ्यावर नियम मांडून झाला की तो कुठवर चालतो आणि कुठे थांबतो, हे ते आवर्जून विचारीत. आजचा विषय मी त्याच प्रश्नाला धरून निवडला आहे. शेल नावाच्या खडकातील अतिसूक्ष्म छिद्रांतून नैसर्गिक वायू कसा वाट काढतो, हा तो विषय. तो दूरचा वाटेल. पण बडोदेकरांना तो परका नाही.

आपल्या पश्चिमेस खंभातचे भूवैज्ञानिक खोरे पसरले आहे. १९५८ साली खंभातजवळ लुणेज येथे आणि १९६० साली अंकलेश्वर येथे तेल सापडले. अंकलेश्वरचे तेल मिळाले ते वालुकाश्मातून. परंतु त्याचा जन्म झाला तो त्याखालील काळ्या शेलमध्ये. सुमारे पाच ते साडेपाच कोटी वर्षांपूर्वी तळाशी साचलेला बारीक चिखल आणि त्यात गाडले गेलेले जैव द्रव्य यांचा हा खडक. उष्णतेने त्या द्रव्याचे तेल आणि वायू झाले. काही भाग वर सरकून वालुकाश्मात साठला, काही जन्मस्थानीच अडकून राहिला. हा अडकलेला वायू बाहेर काढता येईल काय, असा प्रश्न अलीकडच्या काळात आपल्या देशापुढे उभा राहिला.

त्याचे उत्तर शोधताना प्रथम हाती येतो तो डार्सीचा नियम. आन्री डार्सी हा फ्रेंच अभियंता. दिझाँ शहराच्या पाणीपुरवठ्याच्या निमित्ताने त्याने वाळूच्या थरातून पाणी सोडून मोजमापे केली आणि १८५६ साली ती प्रसिद्ध केली. दाबातील फरक जेवढा अधिक तेवढा प्रवाह अधिक, थराची जाडी जेवढी अधिक तेवढा प्रवाह कमी. मधला जो गुणांक, तो त्या थराची पार्यता, म्हणजे द्रवाला किंवा वायूला वाट देण्याची क्षमता. तिच्या एककाला आज डार्सीचेच नाव आहे. चांगल्या वालुकाश्माची पार्यता १०० मिलिडार्सी असू शकते. शेलची १०० नॅनोडार्सी असली तरी ती बरी म्हणावी लागते. दोहोंत अंतर दहा लाख पटींचे आहे.

केवळ एवढाच फरक असता तर शेल हा फार घट्ट वालुकाश्म आहे, असे म्हणून आपण मोकळे झालो असतो. पण येथे नियमाच्या पायालाच धक्का बसतो. डार्सीचा नियम वाहणारा पदार्थ सलग आहे, असे धरून चालतो. वाळूच्या कणांमधील जागा रेणूंच्या मानाने इतकी प्रशस्त असते की हे गृहीतक तेथे निर्धास्तपणे चालते.

शेलमधील जागा केवढी असते? २००९ साली टेक्सास विद्यापीठातील रॉबर्ट लाउक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बार्नेट शेलचे नमुने आरगॉन आयनांच्या झोताने गुळगुळीत करून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांना जैव द्रव्याच्या कणांतच असंख्य छिद्रे आढळली, ५ ते ८०० नॅनोमीटर व्यासाची. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग; आपला केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. मिथेनचा रेणू साधारण ०.३८ नॅनोमीटरचा. म्हणजे १० नॅनोमीटरच्या छिद्रात पंचवीस-सव्वीस रेणू शेजारी शेजारी बसले की ते भरले.

आता या रेणूंची हालचाल पाहू. मांडवीच्या बाजारात सणासुदीला शिरलेला माणूस पावलोपावली दुसऱ्या माणसावर आदळतो. मध्यरात्री त्याच परिसरातील एखाद्या अरुंद बोळातून अंधारात कोणी धावत सुटला, तर तो आदळेल तो भिंतीवर. वायूचेही असेच आहे. दोन टकरांमध्ये रेणू सरासरी जेवढे अंतर कापतो, त्यास माध्य मुक्त पथ म्हणतात. हवेच्या साध्या दाबाखाली मिथेनचा हा पथ सुमारे ५० नॅनोमीटर असतो आणि दाब वाढेल त्या प्रमाणात तो आखूड होतो. या पथास छिद्राच्या व्यासाने भागले की जी संख्या येते तिला डेन्मार्कचे पदार्थवैज्ञानिक मार्टिन क्नुडसेन यांचे नाव आहे. त्यांनी १९०९ साली अरुंद नळ्यांतील वायूच्या वहनाचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला.

ही संख्या ०.००१ च्या खाली असेल तर वायू सलग मानावा. डार्सी निर्वेध चालतो. ०.००१ ते ०.१ च्या दरम्यान भिंतीलगतचा थर स्थिर न राहता घसरू लागतो. असे घसरणे कुंट आणि वारबुर्ग यांनी १८७५ सालीच प्रयोगात पाहिले होते. ०.१ ते १० हा संक्रमणाचा प्रदेश. दहाच्या पुढे रेणू एकमेकांना जवळजवळ भेटतच नाहीत. त्यांचा संबंध उरतो तो भिंतीशी.

दोन किलोमीटर खोलीवर साधारण २०० वातावरणांचा दाब असतो. तेथे मुक्त पथ नॅनोमीटरच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढा उरतो. १० नॅनोमीटरच्या छिद्रासाठी क्नुडसेन संख्या ०.०३ च्या जवळपास येते. म्हणजे घसरणे सुरू झालेले असते. उत्पादन होत जाऊन दाब २० वातावरणांवर उतरला की ती ०.३ च्या आसपास जाते. आणि प्रयोगशाळेत चार-पाच वातावरणांवर मोजमाप केले तर ती एकाच्या पुढे सरकते. खडक तोच, छिद्र तेच. तरी वायूची चाल तीन ठिकाणी तीन प्रकारची.

यातील व्यावहारिक धोका क्लिंकेनबर्ग यांनी १९४१ सालीच दाखवून दिला होता. कमी दाबाच्या वायूने मोजलेली पार्यता द्रवाने मोजलेल्या पार्यतेपेक्षा अधिक भरते. वालुकाश्मात ही दुरुस्ती किरकोळ असते. शेलमध्ये तीच मुख्य गोष्ट होऊन बसते. प्रयोगशाळेतील आकडा दुरुस्तीवाचून जमिनीखाली नेला, तर खडक आहे त्याहून उदार दिसतो.

दुसरी गुंतागुंत पृष्ठशोषणाची. शेलमधील सगळा वायू छिद्रांच्या पोकळीत मोकळा नसतो. पुष्कळसा भिंतींना चिकटून असतो. अमेरिकेतील निरनिराळ्या शेलांत चिकटलेल्या वायूचा वाटा सुमारे २० ते ८५ टक्के असल्याचे अंदाज आहेत. अशा चिकटण्याचे गणित आयर्विंग लँगम्यूर यांनी १९१८ साली मांडले. मोठ्या दाबाखाली भिंत जवळजवळ भरलेली असते आणि दाब थोडासा उतरला तरी ती फारसे काही सोडत नाही. तो पुष्कळ खाली आल्यावरच रेणू मोठ्या संख्येने सुटू लागतात. म्हणून विहिरीच्या पहिल्या वर्षी भेगांतील आणि जवळच्या छिद्रांतील मोकळा वायू वेगाने येतो, मग उत्पादन झपाट्याने उतरते आणि मागाहून बारीक धार दीर्घकाळ चालू राहते. पहिल्या वर्षाचा आकडा पाहून पुढील वीस वर्षांचा हिशेब मांडणारा मनुष्य हमखास फसतो.

तिसरी गोष्ट अंतराची. अशा वाटेने रेणूला भेगेपर्यंत येण्यास लागणारा काळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. अंतर दुप्पट, तर काळ चौपट. दहापट, तर शंभरपट. टेक्सासमध्ये जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने १९८१ पासून बार्नेट शेलशी जी झुंज घेतली आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीस पाण्याच्या दाबाने खडक फोडण्याची स्वस्त रीत साधली, तिचे मर्म येथे आहे. त्यांनी खडकाचा स्वभाव बदलला नाही. रेणूची वाट आखूड केली. मात्र अशा एका आडव्या विहिरीस एक कोटी लिटरहून अधिक पाणी लागू शकते. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या गावांच्या मुलखात हा आकडा विसरून चालणार नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. जानेवारी २०११ मध्ये दुर्गापूरजवळ शेलमधून वायू मिळाला. २०१३ साली जंबुसर परिसरात ओएनजीसीने शेल वायूसाठी विहीर खोदण्यास हात घातला. २०१२ मध्ये अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने आपल्या तीन खोऱ्यांत काढता येण्याजोगा शेल वायू ६.१ लाख कोटी घनफूट मानला. तर २०१३ मध्ये त्याच देशाच्या ऊर्जा माहिती प्रशासनाच्या अहवालाने चार खोऱ्यांसाठी ९६ लाख कोटी घनफूट हा आकडा दिला. पद्धती निराळ्या, क्षेत्रेही थोडी निराळी. तरीही पंधरा पटींचे हे अंतर विचारात पाडणारे आहे. वर्तमानपत्रांतून गाजला तो अर्थातच मोठा आकडा. व्यापारी प्रमाणावरील शेल वायूचे उत्पादन मात्र भारतात आजवर उभे राहिले नाही.

याचा अर्थ खडकाने फसविले असा नव्हे. खडकात वायू किती आहे हा एक प्रश्न आणि त्यातील किती बाहेर येईल हा दुसरा. पहिल्याचे उत्तर साठ्याच्या मापाने मिळते. दुसऱ्याचे उत्तर रेणू, भिंत आणि अंतर यांच्या परस्परसंबंधात दडलेले आहे. हे दोन प्रश्न एकच समजून धोरणे आखली, तर पैसा, पाणी आणि लोकांचा विश्वास या तिन्हींची हानी होते.

डार्सीचा नियम खोटा ठरला काय? मुळीच नाही. वाळूत तो आजही तितकाच खरा आहे. नियमाची मर्यादा सापडणे हा त्याचा पराभव नसतो. तिच्या पलीकडे नव्या ज्ञानाचे शिवार सुरू होते. येथे बसलेल्या विद्यार्थी मित्रांना माझे एवढेच सांगणे आहे, की कोणताही आकडा समोर आला म्हणजे तो किती मोठा आहे हे पाहण्याआधी तो कोणत्या दाबाखाली, कोणत्या परिस्थितीत आणि काय गृहीत धरून मोजला आहे, हे विचारा. ही सवय खडकाच्या अभ्यासात उपयोगी पडते आणि नागरिकाच्या कर्तव्यातही.