कासवाच्या घरांतील ओल

डहाणू रोड स्टेशनावर उतरून समुद्राच्या रोखानें गेलेल्या पाहुण्याला पावसाळ्यांत एक गोष्ट लवकरच कळून येते. या गांवांत ओल पावसाबरोबर येते, पण पाऊस उघडला म्हणून ती जात नाहीं. मिठाची बरणी पाझरूं लागते, दार चौकटींत अडकतें, कपाटांतील पुस्तकांवर पांढुरकी बुरशी चढते आणि नवी बिजागरी पाहतां पाहतां तांबडी पडते. अशा हवेंत आजारी कासवासाठीं घर बांधावयाचें तर तें कशाचें बांधावें, हा प्रश्न ऐकून कांहीं श्रोत्यांना हंसूं येईल. परंतु डहाणूच्या किनाऱ्यावर तो खरोखरच उभा राहतो, आणि त्याच्या उत्तरावर एका मुक्या जीवाचें जगणें-मरणें अवलंबून असतें.

पावसाळी वाऱ्यानें समुद्र खवळला म्हणजे थकलेलीं, जखमी कासवें किनाऱ्यास लागतात. कोणाच्या पायांत जाळ्याचा तुकडा रुतलेला असतो, कोणाचा पुढचा वल्ह्यासारखा पाय अर्धा तुटलेला असतो, तर कोणाला पाण्यांत बुडीच मारतां येत नाहीं. यांत ऑलिव्ह रिडले जातीचीं कासवें अधिक असतात. हिरवीं कासवें आणि चोंचदार तोंडाचीं हॉक्सबिल कासवेंही मधूनमधून येतात. त्यांच्या शुश्रूषेसाठीं डहाणू येथें वनविभागाच्या सहकार्यानें ‘वाइल्डलाइफ कॉन्झर्व्हेशन अँड ॲनिमल वेल्फेअर असोसिएशन’ ही संस्था गेलीं कित्येक वर्षें काम करीत आली आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें समुद्री कासवांना संरक्षण दिलेलें असल्यामुळें तीं कोणालाही हौसेखातर घरीं पाळतां येत नाहींत. म्हणून येथें विचार करावयाचा तो हौसेच्या पेटीचा नसून रुग्णशय्येचा आहे. वैद्य दिवसांतून दोनदां येईल. टांकी मात्र चोवीस तास रोग्याच्या अंगाला लागून असते.

सामान घ्यावयास गेलेला मनुष्य दुकानदारास सहसा एकच प्रश्न विचारतो, कीं हें वॉटरप्रूफ आहे काय? किनाऱ्यावर हा प्रश्न अपुरा पडतो, कारण येथें भिजल्यावांचून कांहींच राहत नाहीं. खरा प्रश्न पुढचा आहे: भिजल्यावर ही वस्तु काय करील? ती फुगेल, गंजेल, पाण्यांत कांहीं सोडील, कीं पुसून वाळवितांच पूर्ववत् होईल? त्यांतच समुद्राच्या एका लिटर पाण्यांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात. हवेंतील आर्द्रता शेंकडा ७५ च्या वर गेली कीं मीठ आपण होऊन हवेंतलें पाणी शोषून घेतें. त्यामुळें खाऱ्या पाण्याचा शिंतोडा उडालेली भिंत वा फळी पावसाळाभर वाळतच नाहीं. खारी जागा वाळवावयाची असेल तर ती आधीं गोड्या पाण्यानें धुतली पाहिजे.

आतां टांकीचा विचार करूं गेल्यास पहिलें नांव सिमेंटचें येतें. सिमेंटची टांकी मजबूत आणि स्वस्त खरी, पण तिच्यांत तीन धोके आहेत. नवें सिमेंट पाण्यांत चुना सोडतें. त्या तीव्र पाण्यानें कासवाचे डोळे व जखमा चुरचुरतात. म्हणून नवी टांकी कित्येक दिवस भरून, उपसून, पुन्हां भरून निववावी लागते. दुसरा धोका आंतील लोखंडी सळ्यांचा. क्षार झिरपून सळईपर्यंत पोंचले कीं ती गंजते. गंज मूळच्या लोखंडाहून दुपटीपेक्षां अधिक जागा मागतो आणि सिमेंट आंतून फोडतो. अशा कामांत समुद्राची रेती वापरणें म्हणजे हा शत्रु स्वतःच्या हातानें घरांत घेणें होय. तिसरा धोका खरबरीत पृष्ठभागाचा. हातपाय मारणारें कासव भिंतीला घांसून नवीन जखमा करून घेतें. यास्तव आंतून गुळगुळीत गिलावा आणि गोल कोपरे हवेत.

कांचतंतूंची, म्हणजे बाजारांत जिला फायबरची म्हणतात ती टांकी या बाबतींत पुष्कळ उजवी. ती गंजत नाहीं, फुगत नाहीं, आणि घांसून धुतां येते. कोळी बांधवांनीं आपल्या लांकडी होड्यांना फायबरचा लेप देण्यास सुरुवात केली ती याच गुणासाठीं. पण नव्या फायबरला औषधासारखा उग्र वास येतो. तो पूर्णपणें जाईपर्यंत पाणी भरून तें अनेकदां बदलावें लागतें. वरचा चकचकीत थर ओरखडला गेला तर आंतील तंतु उघडे पडतात व कातडीला टोंचतात; तेव्हां तेवढी जागा ताबडतोब बुजवावी. डांबर मात्र आंतील बाजूस कदापि लावूं नये, आणि फिनेलच्या जातीचीं जंतुनाशकेंही सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जवळ आणूं नयेत. माणसाच्या न्हाणीघराला जें मानवतें तें कासवाला विष ठरूं शकतें.

टांकीइतकेंच लक्ष तिच्या खालच्या बैठकीकडे द्यावें लागतें, आणि चूक होते ती बहुधा येथेंच. सहा फूट लांब, चार फूट रुंद व दोन फूट खोल अशी टांकी भरली तर तींत सुमारें १,३६० लिटर पाणी मावतें. खाऱ्या पाण्याचें एवढें वजन जवळजवळ १,४०० किलो होतें, आणि त्यावर ३५ ते ४५ किलोचें कासव! हा भार साध्या प्लायवुडच्या फळीवर ठेवणें धाडसाचें आहे. साध्या प्लायवुडचे पदर ज्या सरसानें चिकटविलेले असतात तो सतत ओलाव्यांत सुटतो. पदर उकलतात, फळी फुगते आणि एके रात्रीं वांकते. ‘मरीन’ म्हणून मिळणाऱ्या, ७१० क्रमांकाच्या भारतीय मानकाच्या प्लायवुडचा सरस ७२ तास उकळत्या पाण्यांत टिकतो कीं नाहीं हें पाहिलेलें असतें. तरीही त्याच्या कापलेल्या कडा उघड्या ठेवूं नयेत. कोणतेंही लांकूड बाजूपेक्षां टोंकाकडून कितीतरी अधिक पाणी पितें. म्हणून सागवानी पाय असले तरी त्यांचीं टोकें रंगानें वा राळेनें बंद करून खालीं दगडाची किंवा कौलाची चकती द्यावी. त्याहूनही साधा उपाय विटांच्या खांबांचा. टांकीखालीं हात घालून पुसतां येईल एवढी मोकळी जागा राहिली, तर सांडलेलें पाणी दिसतें आणि वाळतें. जी ओल दिसत नाहीं तीच घात करते.

खिळे व स्क्रू यांचीही तीच कथा. जस्त चढविलेलें लोखंड कांहीं काळ तग धरतें. ३०४ जातीच्या पोलादाला खाऱ्या हवेंत बारीक खड्डे पडतात. मॉलिब्डेनम मिसळलेलें ३१६ जातीचें पोलाद महाग, पण समुद्राजवळ तेंच विश्वासाचें. पाण्याच्या आंत तर धातूचा तुकडाच नसावा. तांबें आणि जस्त पाण्यांत उतरलेले जलचरांना बाधतात.

फार अशक्त कासवाला कांहीं काळ पाण्याबाहेर मऊ गादीवर ठेवावें लागतें. येथें स्पंज घेण्याचा मोह होतो. पण स्पंज पाणी पितो, आंतून कधींच स्वच्छ होत नाहीं, आणि दोन दिवसांत बुरशीचें कोठार बनतो. कासव फुफ्फुसांनीं श्वास घेतें. बुरशीचे कण आंत गेले कीं आधींच दुर्बळ झालेल्या प्राण्याला फुफ्फुसांचा विकार जडतो. म्हणून पाणी न शोषणारा, बंद छिद्रांचा फोम घ्यावा आणि तो रोज धुवावा.

याचा अर्थ प्रत्येक सरपटणाऱ्या प्राण्याला पाणी न पिणारेंच घर हवें असा मात्र नव्हे. चेन्नईजवळ १९७८ सालीं स्थापन झालेली इरुळा लोकांची सहकारी संस्था विष काढण्यासाठीं आणलेले साप मातीच्या मडक्यांत ठेवते. आंत वाळू आणि तोंडाला कापड. मातीचें मडकें श्वास घेतें, जादा दमटपणा बाहेर टाकतें, आणि आंत गारवा राखतें. सापाला तें मानवतें, कारण त्याला कोरडी, काळोखी जागा हवी. कासवाच्या टांकीला हाच गुण दोष ठरेल. सामानाची प्रत दुकानांत ठरत नाहीं; आंत कोण राहणार यावर ती ठरते.

श्रोत्यांपैकीं बहुतेकांवर टांकी बांधण्याचा प्रसंग येणार नाहीं. परंतु पावसाळ्यांत किनाऱ्यावर फिरावयास गेले असतां एखादें निपचित कासव त्यांना आढळणें अशक्य नाहीं. अशा वेळीं दयेनें त्याला पुन्हां लाटांत ढकलूं नये. ज्याच्यांत मान वर काढण्याचें बळ नाहीं तें समुद्रांतही बुडून मरतें. त्याला गोड्या पाण्याच्या टबांतही घालूं नये. सांवलींत ठेवावें, कुत्रीं व बघे यांना दूर राखावें, आणि वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावें. ऊन असेल तर पाठीवर समुद्राच्या पाण्यांत भिजविलेलें जुनें सुती कापड घालावें, मात्र नाकपुड्या उघड्या ठेवाव्यात. माणसें येईपर्यंत तेवढें एक ओलें कापड हेंच त्याचें घर असतें.