ताळा



संयोजकांनी मला सांगितलं, "कॉम्प्युटरबद्दल काहीतरी सोपं बोल." सोपंच बोलते. पण त्यात एक कबुली आहे, आणि ती जिच्यासाठी आहे ती आज दुसऱ्या रांगेत बसली आहे.

दहावीपर्यंत एका बाकावर बसलेल्या आम्ही दोघी पुढे नाशकातच इंजिनिअरिंगला गेलो. वडिलांनी पीएफमधून पैसे उचलून मला कॉम्प्युटर असेंबल करून दिला. त्यात इंटेलचा सेलेरॉन ३००ए प्रोसेसर होता. १९९८ साली आलेली ही चिप हौशी मंडळींची फार लाडकी. तिचा गुणक साडेचारवर पक्का. पण मदरबोर्डची बस ६६ ऐवजी १०० मेगाहर्ट्झवर नेली, की ३०० ची चिप ४५० वर धावायची. फुकटात दीडपट वेग! यालाच ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. मी ते केलं, घरी न सांगता.

यात धोका काय? प्रोसेसर घड्याळाच्या ठोक्यावर चालतो. वेग वाढवला की दोन ठोक्यांमधला वेळ कमी होतो. आतला सिग्नल पोहोचायच्या आधीच पुढचा ठोका पडला, तर चुकीचा अंक खरा धरून गणित पुढे जातं. चिप तापली की सिग्नल आणखी मंदावतात. मशीन बंद पडलं तर निदान कळतं. पण कधी कधी ते चुकतं आणि गप्प बसतं.

म्हणून चाचणी घ्यायची. ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असं गणित द्यायचं. मला आपल्या देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर आठवले. चार अंकी संख्या घ्या, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने लावून वजाबाकी करा, तेच पुन्हा करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतंच. मी १००० ते ९९९९ मधल्या अशा सगळ्या ८,९९१ संख्या तपासणारा प्रोग्रॅम लिहिला. एकही चूक नाही. माझी खात्री पटली.

२००२ च्या एप्रिलमध्ये आमचा शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट होता. मोठमोठ्या मॅट्रिक्सची दशांशातली गणितं, तासन्‌तास चालणारी. उत्तरं जुळेनात. तोच डेटा दोनदा दिला तर दोन उत्तरं! मी हिला म्हटलं, "तुझाच कोड चुकतोय." हिने तीन रात्री जागून तो पुन्हा लिहिला. उत्तरं तरीही चुकली. मी आणखी बोलले.

मग सायबर कॅफेतून प्राइम९५ आणला. जॉर्ज वोल्टमन यांचा हा प्रोग्रॅम मुळात प्रचंड मोठ्या मूळ संख्या शोधण्यासाठी आहे. त्यातली 'टॉर्चर टेस्ट' दशांशातली अवजड गणितं सतत करत राहते आणि प्रत्येक उत्तर आधी माहीत असलेल्या उत्तराशी ताडून बघते. सकाळी लावली, ठीक चालली. भर दुपारी पत्र्याखालच्या खोलीत ती थांबली. पडद्यावर संदेश होता: राउंडिंग ०.५, अपेक्षित ०.४ पेक्षा कमी. बस परत ६६ वर आणली. रात्रभर आणि दुसरी अख्खी दुपार एकही चूक नाही. हिचा पहिला कोडही त्यानंतर बरोबर चालला.

माझी ६१७४ ची चाचणी खोटी नव्हती, हलकी होती. पूर्णांकांची छोटी वजाबाकी क्षणात संपायची. दशांशाची गणितं करणारा भाग तिने जागाच केला नव्हता, आणि चिप तापायलाही वेळ मिळाला नव्हता. ज्या कामात मशीन चुकू शकतं, तेच काम, तेवढाच वेळ, तशाच उन्हात द्यायला हवं होतं. आज नोकरीतही मी तशीच चाचणी घेते.

पण तेव्हा मी हिला काय सांगितलं? "फाइल खराब झाली होती." इतकंच. हिने विश्वास ठेवला. तिला वर्षानुवर्षं वाटत असेल, की आपण त्या वेळी कुठेतरी चुकलो होतो.

तू चुकली नव्हतीस गं. चूक माझ्या मशीनची होती, आणि ते लपवणं माझं होतं. माफ कर.

बाई, तुम्ही प्रत्येक गणिताखाली "ताळा केलास का?" असं लाल शाईने लिहायचात. दुसऱ्याच्या वहीचा ताळा मी लगेच केला. स्वतःच्या वहीचा राहिला होता. तो आज तुमच्यासमोर केला.