संगणकाची किल्ली आणि पदाचा प्रभार



वाशीम जिल्ह्यातील एखाद्या प्राथमिक शिक्षकाची मानोऱ्याहून रिसोडला बदली होते, तेव्हा तो जडसंग्रह नोंदवही, हजेरीपत्रके व कपाटाच्या किल्ल्या रीतसर स्वाधीन करतो. संगणकाचा पासवर्ड मात्र पुष्कळदा त्याच्या स्मरणातच राहतो व त्याच्याबरोबर जातो. मागे राहिलेले यंत्र सुरू होते. परंतु प्रशासक म्हणून त्यात प्रवेश मिळत नाही. अशा वेळी सर्व पुसून प्रणाली नव्याने बसविण्याचा सल्ला सहज दिला जातो. तो घाईने मानू नये. कारण त्यात मुलांचे लेखन, चित्रे व शाळेची टिपणे नाहीशी होतात.

लिनक्स या प्रणालीचा गाभा लिनस टॉरवल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली प्रसिद्ध केला. तिच्यात सर्वाधिकारी खात्यास 'रूट' म्हणतात. २००४ साली निघालेल्या 'उबुंटू' या प्रकारात रूटचे खाते मुळातच बंद असते. प्रणाली बसविताना निर्माण केलेले पहिले खाते 'सुडो' या आज्ञेने, स्वतःच्याच पासवर्डावर, त्या कामापुरते सर्वाधिकार घेते. म्हणून तेथे 'रूट' या नावाने प्रवेश नाकारला गेला, तर तो बिघाड नव्हे, नियम होय.

पासवर्ड ठाऊक असूनही नकार येत असेल, तर प्रथम कॅप्स लॉक पाहावे. त्यानंतर कळफलकाची भाषा पाहावी. मराठी टंकलेखन झाल्यावर कळफलक मराठीवरच राहिला, तर इंग्रजी अक्षरांचा पासवर्ड जुळणार कसा? टर्मिनलमध्ये पासवर्ड लिहिताना बहुधा पडद्यावर एकही चिन्ह उमटत नाही. तरीही तो पुरा लिहून एंटर दाबावे. पासवर्ड स्वीकारला जाऊनही प्रवेशाचाच पडदा परत येत असेल, तर चकती पूर्ण भरली असण्याचा संभव असतो. आणि खात्यास सुडोचा अधिकार नाही असा संदेश आला, तर पासवर्ड बदलून काही साधत नाही. दुसऱ्या प्रशासकाने त्या खात्यास सुडो गटात घ्यावे लागते.

पासवर्ड खरोखरच विसरला असेल, तर मुख्याध्यापकांच्या संमतीने पुढील उपाय करावा. यंत्र सुरू होताना शिफ्ट, अथवा नव्या यंत्रांत एस्केप, ही कळ दाबली असता ग्रब नावाची सूची दिसते. तीतील प्रगत पर्यायांतून रिकव्हरी मोड व त्यातून रूट निवडावे. तेथे चकती केवळ वाचनासाठी उघडलेली असल्यास ती आधी लेखनक्षम करावी. मग 'पासडब्ल्यूडी' ही आज्ञा व तिच्यापुढे खात्याचे नाव लिहून नवा पासवर्ड द्यावा. मुलांचे काम जागच्या जागी राहते. चकती सांकेतिक कुलपाने बंद केलेली असेल, तर मात्र त्या कुलपाचा शब्द हवाच; तेथे हा उपाय चालत नाही.

हा मार्ग यंत्राजवळ बसणाऱ्या कोणासही साधतो, हेही ध्यानात असावे. यास्तव संगणकाची खोली कुलूपबंद असावी. प्रशासकाचा पासवर्ड मोहोरबंद लिफाफ्यात मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावा, त्याची नोंद प्रभार-यादीत करावी आणि प्रभार घेताच नव्या शिक्षकाने तो बदलावा. अधिकार व्यक्तीचा नसून पदाचा असतो. त्याची किल्लीही शाळेतच राहिली पाहिजे.