अण्वस्त्रस्पर्धा आणि विचारासाठी उरलेली मिनिटे

(व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



अणुयुद्धाचा विषय निघाला की मनश्चक्षूंसमोर एखादा माथेफिरू हुकूमशहा आणि त्याच्या बोटाखालचे लाल बटण उभे राहते. ही कल्पना चित्रपटांनी रूढ केली. प्रत्यक्ष इतिहास पाहिला तर जग अणुयुद्धाच्या उंबरठ्याशी ज्या ज्या वेळी जाऊन पोहोचले, त्या बहुतेक वेळी कारण होते अपुरी माहिती, बिघडलेले यंत्र, आणि विचार करण्यास न उरलेला अवधी. या तिसऱ्या कारणाकडे आपले लक्ष फारसे जात नाही. आजच्या विवेचनाचा भर त्यावरच आहे.

6 ऑगस्ट 1945 रोजी हिरोशिमावर आणि 9 ऑगस्टला नागासाकीवर अणुबॉम्ब पडले. त्या वेळी हे अस्त्र एकट्या अमेरिकेच्या हाती होते. ही मक्तेदारी चार वर्षे टिकली. 29 ऑगस्ट 1949 रोजी सोव्हिएत संघाने पहिली अणुचाचणी केली आणि स्पर्धेला तोंड फुटले. 1952 मध्ये अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. 1 मार्च 1954 रोजी प्रशांत महासागरातील बिकिनी बेटांवर झालेल्या चाचणीची किरणोत्सारी राख दूरवर मासेमारी करणाऱ्या एका जपानी नौकेवरील 23 जणांच्या अंगावर पडली. त्यानंतर महिनाभरात, 2 एप्रिल रोजी, पंडित नेहरूंनी संसदेत सर्व चाचण्या तूर्त स्थगित ठेवण्याचा प्रस्ताव मांडला. अशी जाहीर मागणी करणारे ते जगातील पहिल्या राष्ट्रप्रमुखांपैकी होते. महासत्तांनी ती मनावर घेतली नाही. 1961 च्या ऑक्टोबरमध्ये सोव्हिएत संघाने सुमारे 50 मेगाटन शक्तीचा बॉम्ब उडवून दाखवला. लष्करी दृष्ट्या तो जवळजवळ निरुपयोगी होता. पण स्पर्धेत उपयोगाचा विचार मागे पडतो आणि केवळ वरचढ ठरणे उरते.

ज्या घटनेपाशी थोडे थांबावयास हवे, ती पुढच्याच वर्षी घडली. ऑक्टोबर 1962 चे नाव काढताच भारतीय मनाला चीनचे आक्रमण आठवते. 20 ऑक्टोबरला चिनी सैन्य हिमालय ओलांडून आत घुसले. नेमक्या त्याच दिवसांत पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला कॅरिबियन समुद्रात दोन महासत्ता समोरासमोर उभ्या ठाकल्या होत्या. सोव्हिएत संघाने क्यूबात अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रे नेऊन ठेवली होती. अमेरिकेच्या टेहळणी विमानाने 14 ऑक्टोबरला त्यांची छायाचित्रे टिपली. अध्यक्ष केनेडी यांनी 22 ऑक्टोबरला देशाला उद्देशून भाषण केले आणि क्यूबाची सागरी नाकेबंदी जाहीर केली.

या पेचप्रसंगातील सर्वांत धोक्याचा दिवस म्हणजे शनिवार, 27 ऑक्टोबर. त्या एका दिवसात क्यूबावर एक अमेरिकन टेहळणी विमान पाडले गेले आणि त्याचा वैमानिक ठार झाला. दुसरे एक अमेरिकन विमान उत्तर ध्रुवाकडे वाट चुकून सोव्हिएत हद्दीत शिरले. या दोन्ही गोष्टी केनेडी वा क्रुश्चेव्ह यांच्यापैकी कोणीही ठरवून केलेल्या नव्हत्या. घटनांचे लगाम दोघांच्याही हातून सुटत चालले होते.

त्याच दिवशी नाकेबंदीच्या रेषेजवळ बी-59 ही सोव्हिएत पाणबुडी पाण्याखाली अडकली होती. बॅटऱ्या संपत आल्या होत्या. आतील तापमान 45 अंशांच्या वर गेले होते, खलाशी भोवळ येऊन पडत होते. मॉस्कोशी संपर्क तुटलेला. अमेरिकन युद्धनौकांनी तिला घेरले आणि वर येण्याची खूण म्हणून सरावाचे स्फोटक गोळे पाण्यात सोडले. अमेरिकेने या खुणांची पद्धत मॉस्कोला कळवली होती. पाणबुडीपर्यंत ती पोहोचली नव्हती. आत असलेल्यांना तो हल्लाच वाटला. उलट, त्या पाणबुडीवर एक अण्वस्त्रधारी टॉर्पेडो आहे, याची वर असलेल्या अमेरिकन अधिकाऱ्यांना कल्पना नव्हती. दोन्ही बाजूंना अर्धेच सत्य ठाऊक होते, आणि ज्या अर्ध्याला खरे महत्त्व होते तेच दोघांपासून दडलेले होते.

त्या पाणबुडीवर असलेले अधिकारी वादिम ओर्लोव यांच्या आठवणीनुसार, संतप्त झालेल्या कप्तान सावित्स्की यांनी तो टॉर्पेडो सज्ज करण्याचा हुकूम दिला. वर युद्ध सुरूही झाले असेल, असा त्यांचा समज झाला होता. त्यांना आवरणाऱ्यांत वासिली आर्खिपोव हे ज्येष्ठ अधिकारी होते. आर्खिपोव यांनी आदल्याच वर्षी के-19 या पाणबुडीतील अणुभट्टीचा अपघात स्वतः पाहिला होता. किरणोत्साराने माणसे कशी मरतात हे त्यांना पुस्तकातून वाचावे लागले नव्हते. त्यांनी कप्तानाला शांत केले. पाणबुडी वर आली आणि काही काळाने माघारी वळली. या श्रोतृवर्गाला संयम या शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. मात्र त्या कोंदट, तापलेल्या लोखंडी नळीत तो कसा दिसला असेल, याची कल्पना अवश्य करून पाहावी. ही हकिकत जगापुढे ठळकपणे आली ती 2002 मध्ये, हवाना येथे त्या पेचप्रसंगाच्या 40 व्या वर्षानिमित्त भरलेल्या परिषदेच्या वेळी. आर्खिपोव 1998 मध्येच निवर्तले होते.

28 ऑक्टोबरला तोडगा निघाला. क्षेपणास्त्रे क्यूबातून परत नेण्याचे सोव्हिएत संघाने मान्य केले; क्यूबावर आक्रमण न करण्याचे आश्वासन अमेरिकेने दिले. तुर्कस्तानातील आपली क्षेपणास्त्रे हलवण्याचेही अमेरिकेने कबूल केले, पण ते गुप्तपणे. दोन्ही नेत्यांना आपापल्या लोकांपुढे मान खाली घालण्याची वेळ येऊ नये, एवढी वाट दोघांनी परस्परांना ठेवली. मुत्सद्देगिरीचा हा भाग लोकांना कळण्यास पुढे बरीच वर्षे जावी लागली, आणि तोवर 'डोळे वटारले म्हणून शत्रू नमला' हाच चुकीचा धडा अनेक सेनानींनी मनाशी घट्ट धरला होता.

त्या दिवसांत एका राजधानीतून दुसरीकडे पत्र पोहोचून, उलगडून, भाषांतरित होण्यास तासन्‌तास लागत. म्हणून 1963 च्या ऑगस्टअखेर वॉशिंग्टन व मॉस्को यांच्यात थेट संपर्काची तार सुरू झाली. चित्रपटातील लाल टेलिफोन तो नव्हेच. ते टंकित मजकूर पाठवणारे टेलिप्रिंटर होते. बोलण्यात शब्द घसरतो, लिहिताना माणूस थोडा थबकतो, हा त्यामागचा विचार शहाणपणाचा होता. त्याच महिन्यात वातावरणातील, पाण्याखालील व अंतराळातील चाचण्यांवर बंदी घालणाऱ्या करारावरही सह्या झाल्या. नेहरूंच्या मागणीचा एक भाग अशा रीतीने नऊ वर्षांनी मान्य झाला.

तथापि क्षेपणास्त्रे अधिकाधिक वेगवान होत गेली. खंडांतर क्षेपणास्त्राला अमेरिकेतून रशियात पोहोचण्यास साधारण अर्धा तास लागतो. किनाऱ्याजवळच्या पाणबुडीतून सोडलेल्याला त्याहूनही बराच कमी. इशारा मिळणे, त्याची खातरजमा, राष्ट्रप्रमुखाला कळवणे आणि निर्णय, हे सारे त्यातच बसवायचे. 26 सप्टेंबर 1983 च्या रात्री मॉस्कोच्या दक्षिणेकडील एका केंद्रात लेफ्टनंट कर्नल स्तानिस्लाव पेत्रोव यांच्यासमोरच्या यंत्रणेने अमेरिकेने क्षेपणास्त्र सोडल्याचा इशारा दिला. मग एकूण पाच. तीन आठवड्यांपूर्वीच सोव्हिएत हवाई दलाने एक कोरियन प्रवासी विमान पाडून 269 जणांचा बळी घेतला होता आणि वातावरण अत्यंत तंग होते. पेत्रोव यांनी विचार केला की, युद्ध सुरू करणारा देश पाचच क्षेपणास्त्रे सोडणार नाही. त्यांनी हा इशारा खोटा असल्याचे वरिष्ठांना कळवले. ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रहाला चकवले होते, हे नंतर निष्पन्न झाले. पेत्रोव यांना बक्षीस मिळाले नाही. त्या रात्रीची नोंदवही नीट भरली नाही म्हणून ठपका मात्र मिळाला. कार्यालये सर्वत्र सारखीच असावीत! 2017 च्या मे महिन्यात त्यांचे निधन झाले, आणि ही वार्ता जगाला सप्टेंबरात समजली.

चूक केवळ एका बाजूची नव्हती. 1979 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या हवाई संरक्षण केंद्रात सरावाची संगणकीय फीत चुकून खऱ्या यंत्रणेत शिरली आणि पडद्यावर सोव्हिएत हल्ला दिसू लागला. 1995 च्या जानेवारीत नॉर्वेने सोडलेल्या शास्त्रीय अग्निबाणामुळे रशियात अध्यक्ष येल्त्सिन यांची अण्वस्त्रांची पेटी उघडण्याची वेळ आली. वास्तविक नॉर्वेने त्याची पूर्वसूचना दिली होती. ती योग्य टेबलापर्यंत गेलीच नाही.

1980 च्या दशकाच्या मध्यास जगात सुमारे 70 हजार अण्वस्त्रे होती. आज ती 12 हजारांच्या घरात आहेत, आणि त्यांतील जवळजवळ नऊ दशांश अमेरिका व रशिया या दोघांकडे आहेत. ही घट आपोआप झाली नाही. रेगन आणि गोर्बाचेव्ह यांच्या 1987 च्या करारापासून पुढे जे करार झाले, त्यांत संख्येच्या मर्यादेइतकेच मोल परस्परांच्या तळांवर जाऊन पाहणी करण्याच्या हक्काला होते. 2010 मध्ये प्राग येथे झालेल्या करारानुसार प्रत्येक पक्षाला सज्ज अण्वस्त्रांची 1,550 ही मर्यादा होती, आणि वर्षाला 18 वेळा एका देशाचे अधिकारी दुसऱ्याच्या तळावर जाऊन शस्त्रे मोजू शकत. अशा 300 हून अधिक पाहण्या झाल्या. कालचे शत्रू एकमेकांच्या कोठाराची दारे उघडून दाखवत होते. संशय घेण्यास जागा कमी राहिली की संकटकाळी विचार करण्यास वेळ अधिक मिळतो.

1987 चा करार 2019 मध्ये संपुष्टात आला. प्राग करारातील पाहण्या 2020 च्या मार्चमध्ये साथीमुळे थांबल्या, त्या पुन्हा सुरू झाल्या नाहीत. युक्रेन युद्धाच्या काळात, 2023 मध्ये, रशियाने आपला सहभाग स्थगित केला, आणि 5 फेब्रुवारी 2026 रोजी कराराची मुदतही संपली. दरम्यान चीनचा साठा वेगाने वाढत आहे; तो देश या करारांत कधीच नव्हता. स्पर्धा आता दोघांची राहिलेली नाही.

यात एक निराळी गोष्टही नोंदवावयास हवी. 2024 च्या नोव्हेंबरमध्ये पेरूची राजधानी लिमा येथे अमेरिकेचे अध्यक्ष बायडेन आणि चीनचे अध्यक्ष शी जिनपिंग भेटले. अण्वस्त्रे वापरण्याचा निर्णय माणसाच्याच हाती राहिला पाहिजे, तो संगणकाच्या कृत्रिम बुद्धिमत्तेकडे सोपवता कामा नये, यावर दोघांचे एकमत झाले. त्यावर सह्या-शिक्क्यांचा करार नाही, पाहणीची तरतूद नाही. आर्खिपोव आणि पेत्रोव यांच्या जागी माणूसच बसलेला असावा, एवढेच तूर्त तोंडी ठरले आहे.