डोंगराकडून आलेलं पाणी



स्वागताध्यक्षानं आपल्या गावाचं, प्रवराकाठच्या कोल्हारचं, कौतुक करायचं असतं. पण भगवतीमातेचं दर्शन तुम्ही सकाळीच घेतलंत, नगर-मनमाड रस्त्याची धूळही खाल्लीत. तेव्हा मी शेजारच्या संगमनेरचं कौतुक करणार आहे. गावकरी रागावतील, पण आवर्तन सुटलं की आमच्या उसाला मिळणारं पाणी तिकडूनच येतं. भंडारदऱ्याचं धरण 1910 ते 1926 या काळात बांधलं. तिथून सुटलेलं पाणी संगमनेरच्या पुढं ओझरच्या बंधाऱ्याशी पाटांत वळतं. तो बंधारा नसता तर लोणीला 1950मध्ये सहकारी साखर कारखान्याचं धुराडं पेटलं नसतं.

संगमनेर म्हणजे सह्याद्रीचा उंबरा. इथं म्हाळुंगी प्रवरेला मिळते. मागं अकोल्याचे डोंगर, पुढं आपली काळी सपाटी. या जागेचं मोल शहाजीराजांनी ओळखलं होतं. 1632-33च्या सुमारास त्यांनी पेमगिरीच्या किल्ल्यावर निजामशाहीच्या बाल वारसाला गादीवर बसवलं आणि दिल्लीच्या बादशहाला आव्हान दिलं. पाठीशी डोंगर असल्याशिवाय असलं धाडस कोण करील? त्यांच्या मुलालाही हाच डोंगर कामी आला. 1679मध्ये जालन्याहून परतताना शिवाजी महाराजांना मोगलांनी संगमनेरजवळ गाठलं, सिधोजी निंबाळकर तिथं पडले. बहिर्जी नाइकांनी आडवाटांनी महाराजांना पट्ट्याच्या किल्ल्यावर नेलं. त्या विसाव्यामुळं पट्ट्याचा विश्रामगड झाला.

लढायांचा एवढा इतिहास असूनही संगमनेरनं आपल्याला दिला तो एक शाहीर, अनंत फंदी. फटका म्हटलं की आधी त्याचंच नाव आठवतं. पेशवाईच्या उत्तरकाळात लोकांना तोंडावर खडसावणारा माणूस बाजारपेठेच्या गावातच निपजावा, याचं मला नवल वाटत नाही.

संगमनेरसारखंच डोंगराच्या उंबऱ्यावरचं, फ्रान्समध्ये आल्प्सच्या पायथ्याशी ग्रेनोबल नावाचं जुनं शहर आहे. तिथं 1934पासून पाहुण्यांना तारेवरच्या पाळण्यातून बास्तीयच्या किल्ल्यावर नेतात. आमच्याकडं पाळणा नाही, पट्टा पायांनीच चढावा लागतो. आणि खरं सांगू? भंडारदऱ्याला काजवे पाहायला जाणारे पुण्या-मुंबईचे लोक संगमनेरात गाडीची काचसुद्धा खाली करत नाहीत. चहा घेऊन पुढं निघतात. याची मला चीड येते.

म्हणून उद्याची सहल भंडारदऱ्याची नाही. आधी ओझरचा बंधारा, मग संगमनेरात नदीकाठी तासभर, आणि दुपारनंतर पेमगिरी. तिथल्या अवाढव्य वडाखाली जेवण आहे. पिठलं-भाकरी आणि ठेचा. गाड्या देवळासमोरून सकाळी सहाला सुटतील. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी वडापाशीच थांबावं, वर गडावर न्यायचा आग्रह कुणी करणार नाही.