चाबकाची ओळख



मंडळाच्या सुवर्णमहोत्सवात आम्ही घोड्यांविषयी बोलणार हे ऐकून काही मित्रांना कौतुकापेक्षा काळजीच अधिक वाटली. केंद्र सरकारच्या सेवेत आयुष्यभर फायली हाकलेल्या माणसाने घोड्यांविषयी काय सांगावे? परंतु ज्या बंगळुरास 1638 नंतर शहाजीराजांचे वास्तव्य घडले, तेथील मराठी मंडळींना हा विषय परका वाटू नये. 'गनिमी कावा' हे शब्द आपण सहज उच्चारतो. घोड्यास वर्तुळात फिरविणे यासही कावाच म्हणत, हे मात्र फारसे कोणाच्या ध्यानी नसते. आज बोलणार आहोत ते त्या काव्याविषयी; कविमित्रांनी निश्चिंत असावे.

कावा देण्यास मोहरकी, सात-आठ मीटरांचा दोर आणि लांब चाबूक एवढी सामग्री पुरते. हा चाबूक मारण्यासाठी नसतो. तो मागच्या पायांकडे रोखला म्हणजे 'पुढे चाल', खांद्याकडे रोखला म्हणजे 'आत येऊ नकोस'. ही भाषा आपल्याला ठाऊक. घोड्यास ती कोणी सांगितलेली असते? त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना. त्यास जवळजवळ चौफेर दिसते, मात्र शेपटीच्या थेट मागचे दिसत नाही. भय वाटले की आधी पळावे आणि मग विचार करावा, हा त्याचा जन्मजात धर्म.

काही वर्षांपूर्वी शहराबाहेरील एका अश्वारोहण शाळेत आम्ही हौसेने जात असू. शर्यतींतून निवृत्त झालेली एक कुमैत घोडी तेथे नुकतीच आली होती. एका रविवारी आम्ही उत्साहाच्या भरात दोर धरला आणि ओळखदेख न करता चाबूक उचलला. घोडी उधळली. दोराने आमचे तळहात सोलून निघाले, ते एक असो. पण कुंपणावर आदळून तिचा गुडघा फुटला. अशी घोडी मुलांच्या उपयोगाची नाही, असे व्यवस्थापकांचे मत पडले. निरुपयोगी ठरलेल्या घोड्याचे पुढे काय होते, हे तेथे सर्वांना ठाऊक होते. अपराध आमचा, शिक्षा तिला.

तेथील वृद्ध मोतद्दाराने, गुडघा बरा झाल्यावर, पंधरा दिवसांची मुदत मागितली. पहिल्या दिवशी त्याने चाबूक नुसता जमिनीवर ठेवला आणि चार हातांवर दाण्याची पाटी. दुसऱ्या दिवशी चाबूक हाती घेऊन तो घोडीपासून दूर चालू लागला व तिला मागून येऊ दिले. आपल्याकडे चालून येणाऱ्या वस्तूचे भय वाटते. आपल्यापुढून निघून जाणाऱ्या वस्तूविषयी कुतूहल वाटते. ही युक्ती आम्हांस आमच्या कचेरीतही सुचली नव्हती!

पुढे त्याने चाबकाची मूठ तिच्या खांद्यावर टेकवली. खरी मेख येथे आहे. घोडी दचकली म्हणून त्याच क्षणी चाबूक काढून घेतला, तर दचकल्याने संकट टळते असे ती शिकते. ती स्थिर झाली, तिने मान खाली सोडली, की लगेच काढावा. पण भय अनावर होईतो दामटूनही चालत नाही. मग घोडा निश्चल उभा राहतो आणि आपण त्यास शांत समजतो. डोळ्यांतील पांढरे आणि ताठरलेले ओठ पाहावेत, असे तो सांगे. डावीकडे जमले म्हणजे उजवीकडे पुन्हा श्रीगणेशा. पायांभोवती दोर फिरवितानाही तोच क्रम. भ्यालेल्या घोड्यास मारल्यास भय वाढतेच, हे ग्रीक लेखक झेनोफन याने ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात लिहून ठेवले आहे. आमच्या मोतद्दाराने त्याचे नावही ऐकले नव्हते.

तेराव्या दिवशी त्याने चाबूक आमच्या हाती दिला. आमचा हात कापत होता आणि ते घोडीला आमच्याआधी कळले. ती थांबली. आम्ही चाबूक खाली सोडून उभे राहिलो. बराच वेळाने तिने पुढे येऊन मूठ हुंगली. त्या दिवशी एकच फेरी घेतली.

घोडी शाळेतच राहिली. पुढे मुले तिला कावा देऊ लागली. उघडलेल्या छत्रीला मात्र ती बिचके, आणि बंगळुरात पाऊस केव्हा येईल याचा नेम नसल्याने आम्ही मिटलेली छत्री दाण्याच्या पाटीपाशी ठेवण्यापासून पुन्हा आरंभ केला.